ताटाबाहेरची दिवाळी : पार्किंगमधला किल्ला आणि चाकणचा संग्रामदुर्ग

१/२४
दिवाळी म्हटली की आधी आठवते ते फराळाचे ताट. मात्र मराठी घरांतील सणांची एक बाजू स्वयंपाकघरात कधी नव्हतीच. ती अंगणात, कारखान्यात आणि छापील पानांत होती. हा धागा त्या बाजूविषयी आहे. स्थळ : पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा. येथे दर दिवाळीत इमारतींच्या पार्किंगमध्ये मातीचे रायगड उभे राहतात आणि चाकणच्या वस्तीत एक खरा किल्ला मात्र निमूटपणे झिजत असतो.

२/२४
हाच पट्टा का? गावात सण वारशाने मिळतो. येथे तो बहुतेकांना नव्याने मांडावा लागला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधउद्योग आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळांवर कारखाने उभे राहू लागले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. अर्ध्या शतकात गावांचे शहर झाले.

३/२४
या कारखान्यांसाठी मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातून माणसे आली. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातूनही आली. प्रत्येकाने आपले गाव डब्यात बांधून आणले. एका मजल्यावर अनारसे तळले जातात, दुसऱ्या मजल्यावर छठपूजेचा ठेकुआ. घर सोडून आलेल्या माणसाला आपली चव हाच मोठा आधार असतो. सणाला पदार्थाचे एवढे महत्त्व का येते, याचे उत्तर तेथेच आहे.

४/२४
पण या आधाराला दोन मर्यादा आहेत. पहिली, प्रत्येक घराचा पदार्थ वेगळा. शेजारी तो चाखतो, पण करण्यात सहसा सहभागी होत नाही. दुसरी, त्याचा भार बहुधा घरातील बाईवर पडतो. कामावरून परतलेली स्त्री रात्री चकलीचा सोऱ्या फिरवते, तेव्हा सण साऱ्या घराचा असतो आणि कष्ट तिच्या एकटीचे. फराळाशी वैर नाही. प्रश्न एवढाच, की सणाचा सारा डोलारा एका शेगडीवर उभा असावा का?

५/२४
घराला नवी प्रथा मुद्दाम सुरू करता येते का? इतिहासाचे उत्तर होकारार्थी आहे. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेला ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ हा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन वाटणाऱ्या कित्येक प्रथा अलीकडच्या काळात, विशिष्ट गरजेतून घडवल्या गेल्या, असे त्यातील लेखांनी दाखवले. भारताविषयीचा बर्नार्ड कोहन यांचा लेख ब्रिटिशांनी १८७७ मध्ये भरवलेल्या दिल्ली दरबाराची अशीच चिकित्सा करतो.

६/२४
दरबार राजसत्तेचा, पण घरगुती सणही असेच घडतात. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. ही प्रथा मूळची जर्मन. छापील चित्रामुळे ती इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घरांत वेगाने पसरली. कोणालाही जमेल अशी कृती, डोळ्यांसमोर राहील अशी प्रतिमा आणि दरवर्षी पुन्हा करण्याचे निमित्त, एवढ्या भांडवलावर प्रथा रुजली.

७/२४
आता आपल्या पट्ट्यात येऊ. पंचांगाच्या क्रमाने पहिला दिवस खंडेनवमीचा, म्हणजे आश्विन शुद्ध नवमीचा. हा शस्त्रपूजेचा दिवस. दुसऱ्या दिवशी दसरा आणि सीमोल्लंघन. मराठेशाहीत याला व्यावहारिक अर्थ होता. पावसाळ्यात नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या; लष्करी मोहिमा थांबलेल्या असत. पाऊस ओसरला की शस्त्रे बाहेर काढायची, गंज उतरवायचा, धार पाहायची आणि मुलूख ओलांडायचा. पूजा आणि देखभाल तेव्हा वेगळी नव्हती.

८/२४
कारखान्यांनी हा दिवस सहज आपलासा केला. तलवारीच्या जागी लेथ, प्रेस आणि सीएनसी यंत्र आले. भाल्याच्या जागी पाने, हातोडे आणि व्हर्नियर. शॉप फ्लोअर धुतला जातो, यंत्रावरचे तेलाचे थर पुसले जातात, झेंडूची माळ चढते. विधीचा साचा जुना, उपकरण नवे. शेतकऱ्याचा मुलगा ऑपरेटर झाला, तेव्हा वडिलांच्या नांगराला लागणारे कुंकू त्याच्या यंत्राला लागले. ही प्रथा त्याला नव्याने शिकावी लागली नाही. फक्त तिचा पत्ता बदलला.

९/२४
अनेक कारखान्यांत या दिवशी कुटुंबीयांना आत येऊ देतात. वर्षभर ‘कंपनी’ हा घरात नुसता शब्द असतो. पाळीची वेळ, बसचा थांबा, गणवेशावरचे डाग एवढीच त्याची ओळख. या एका दिवशी मूल प्रत्यक्ष ते यंत्र पाहते, ज्यापाशी आई किंवा वडील आठ तास उभे असतात. उत्तर व पूर्व भारतातून आलेले कामगार अशीच पूजा बहुधा १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा जयंतीला करतात. तिथी दोन, भाव एकच.

१०/२४
दुसरी प्रथा छापील आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा तेथून मोजली जाते. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक हा त्यामागचा नमुना होता. म्हणजे व्हिक्टोरियाच्या झाडाला घरोघरी नेणाऱ्या छपाईच्या संस्कृतीनेच मराठी दिवाळीला वाचनाची जोड दिली. शतकभरानंतर मात्र दिवाळी अंक कोणालाही परका वाटत नाही.

११/२४
अंकामुळे सणाच्या सुट्टीत घरातील निरनिराळ्या वयांची माणसे एकाच वस्तूभोवती येऊ लागली. आजोबा कथा वाचत, कोणी शब्दकोडे सोडवी, कोणी नुसती व्यंगचित्रे पाही. मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झाले. सारे अंक विकत घेणे प्रत्येकाला परवडत नाही. त्यासाठी वाचनालये दिवाळी अंकांच्या खास योजना काढतात. थोडक्या वर्गणीत घरी एकामागून एक अंक येत राहतात आणि फराळाचे डबे रिकामे झाल्यावरही सण कित्येक आठवडे चालू राहतो.

१२/२४
तिसरी प्रथा सर्वांत जिवंत : मातीचा किल्ला. याला संस्थापक नाही, घटना नाही, पुरोहित नाही. सहामाही परीक्षा संपली की मुले दगड, विटा, गोणपाट आणि माती जमवतात. आधी दगड-विटांचा उंचवटा, त्यावर ओले गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. मग तट, बुरूज, पायऱ्या, गुहा. औद्योगिक पट्ट्यातील किल्ल्याच्या पोटात बांधकामावरची वाळू, सिमेंटची रिकामी पोती आणि पॅकिंगची खोकीही सापडतात. सलाईनच्या नळीतून कारंजे उडते.

१३/२४
किल्ला हिरवा दिसावा म्हणून त्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात. चार-पाच दिवसांत कोंब फुटतात. एरवी हळिवाचे लाडू होतात, मोहरी फोडणीत जाते. येथे तेच दाणे खाण्यासाठी नव्हेत, उगवण्यासाठी वापरले जातात. शिवाय येथे उशीर चालत नाही. वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर पेरणी आधीच व्हायला हवी. घाई करून कोंब वर येत नाहीत, हे मूल स्वतः पाहून शिकते.

१४/२४
या खेळात दुर्गशास्त्रही नकळत उतरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गडावर आधी पाण्याची सोय पाहावी, एकाच दरवाजावर विसंबू नये, जवळ गडाला जाच होईल अशी उंच जागा नसावी, असा त्याचा आशय. आता मुलांचा किल्ला पाहा. तळे कोठे खणायचे, यावरूनच पहिले भांडण होते. दरवाजा समोर असावा की वळणाआड, यावरून दुसरे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याचे प्रश्न आठ वर्षांच्या मुलांसमोर पुन्हा उभे राहतात.

१५/२४
या प्रथेचे हस्तांतरणही वेगळे आहे. पाककृती बहुधा आईकडून मुलीकडे जाते. किल्ला मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे जातो. नववीतला मुलगा बुरूज रचतो, चौथीतली मुलगी चिखल कालवते, पहिलीतले पोर मावळे मांडते. तीन वर्षांनी चौथीतली मुलगी बुरूज रचू लागते. भोजपुरी, कानडी, हिंदी बोलणारी मुलेही त्यात असतात. चिखल कालवायला कोणाच्या स्वयंपाकघराची रीत माहीत असावी लागत नाही.

१६/२४
किल्ल्याच्या माथ्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती असते. या स्मृतीला आधुनिक काळातही पुन:पुन्हा घडवले गेले. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा लिहिला. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला. याच पट्ट्याशेजारी, तळेगाव दाभाडे येथे राहिलेल्या गो. नी. दांडेकरांनी (१९१६–१९९८) आयुष्यभर गड पायी पालथे घातले आणि वाचकांना त्या वाटेला लावले. गड नुसता पूजायचा नाही, पाहायचाही असतो, ही त्यांची शिकवण.

१७/२४
आता खऱ्या किल्ल्याकडे. मुले सहसा रायगड, राजगड, प्रतापगड करतात. चाकण परिसरातील मुलांना मात्र विषय शोधायला सह्याद्रीत जाण्याची गरज नाही. चाकणला संग्रामदुर्ग आहे. तो डोंगरी नव्हे, भुईकोट. सपाट जमिनीवर तट, बुरूज आणि भोवती खंदक असलेला. त्याला कड्याचे संरक्षण नाही, जंगलाचे नाही. आज तटबुरुजांचे काही भाग आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. बाकी जागा वस्तीने वेढली आहे.

१८/२४
साल १६६०. औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान मोठी फौज घेऊन पुण्यात उतरला होता. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवरील चाकण त्याला हवे होते, कारण अहमदनगरकडून येणाऱ्या रसदीसाठी ते ठाणे सोयीचे होते. २१ जूनच्या सुमारास त्याने वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि थोडी शिबंदी. स्वतः शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. बाहेरून मदत येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

१९/२४
जुलैच्या मध्यावर महाराज पन्हाळ्याहून निसटले. पावनखिंडीत बाजीप्रभू देशपांडे धारातीर्थी पडले. ती कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. त्याच पावसात, त्याच आठवड्यांत चाकणचा भुईकोट झुंजत होता, हे मात्र फार थोड्यांना आठवते. डोंगर नसलेल्या किल्ल्याने मुघलांना सुमारे ५५ दिवस रोखून धरले. अखेर मुघलांनी बुरुजाखालपर्यंत भुयार खणले, दारू ठासली आणि १४ ऑगस्टला सुरुंग उडवला. बुरूज ढासळला.

२०/२४
तरीही किल्ला लगेच पडला नाही. खिंडारावर लढाई झाली. रात्रभर शिबंदीने जागा सोडली नाही. दुसऱ्या दिवशी फिरंगोजीने किल्ला दिला. इतिहासकार जदुनाथ सरकार मुघलांची हानी २६८ ठार आणि ६०० जखमी अशी देतात. एका भुईकोटासाठी ही किंमत मोठी होती. शायिस्ताखान पुण्याला परतला आणि लाल महालात राहिला. एप्रिल १६६३ मध्ये तेथेच महाराजांनी त्याच्यावर छापा घातला.

२१/२४
ज्या भूगोलाने संग्रामदुर्गाला दुबळे केले, त्यानेच आजचे चाकण घडवले. सपाट माळ, मोठ्या वाटांची जवळीक, पुण्याहून एका मजलेचे अंतर. सतराव्या शतकात या गोष्टी तोफा आणि रसद आणणाऱ्याच्या सोयीच्या होत्या. एकविसाव्या शतकात त्या मोटारींचे सुटे भाग आणणाऱ्याच्या सोयीच्या आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या कुटुंबाला हे सांगितले, तर तोच प्रवास इतिहासाचा पाठ होऊ शकतो.

२२/२४
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतील जिंजी आदी त्यात आहेत. ही आनंदाची गोष्ट. संग्रामदुर्ग त्या यादीत नाही. म्हणून त्याची स्मृती जपण्याचे काम जवळच्या माणसांवर अधिक पडते. ज्या किल्ल्याची प्रतिकृती शेकडो मुले स्वतःच्या हातांनी करतात, त्याच्या तटाचा दगड ढळला तर तो कोणाच्या तरी लक्षात येतो.

२३/२४
धोका वेगळ्याच बाजूने आहे. नव्या गृहसंकुलांत माती नाही, अंगण नाही आणि फरशी खराब होते म्हणून परवानगीही नाही. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. ते सुबक असतात, पण त्यांत तळ्यावरून भांडण नाही, हळिवाची वाट पाहणे नाही, मोठ्याने लहानाला शिकवणे नाही. विकतचा फराळ खाऊनही पोट भरते. विकतच्या किल्ल्यात मात्र वस्तू हाती येते आणि प्रथा निसटते, कारण ही प्रथा म्हणजे किल्ला नव्हे, किल्ला करणे आहे.

२४/२४
म्हणून या पट्ट्यातील घरांसाठी एक साधी योजना. दसऱ्याला घरातील हत्यारे, सायकल, शिवणयंत्र मुलांनी स्वतः पुसावीत. दिवाळीपूर्वीच्या एका रविवारी संग्रामदुर्गावर जावे. उरलेला तट पावलांनी मोजावा, बुरूज कागदावर काढावे. मग सोसायटीच्या एका कोपऱ्यात, खाली ताडपत्री अंथरून, भुईकोट करावा : खंदकासह आणि १६६० चा सुरुंग लागलेल्या बुरुजासह. शेजारी दिवाळी अंक ठेवावा. किल्ल्याची माहिती एका मुलाने पाहुण्यांना सांगावी. पुढच्या वर्षी दुसऱ्याने. तुळशीचे लग्न लागले की माती कुंड्यांत परत जावी. पुढच्या आश्विनात तीच माती पुन्हा कालवायची आहे.